माउली समोरच्या घरी

फ्लॉसी: अहो, एकेचाळीस मिस्ड कॉल! त्यातले अकरा एकट्या बॅप्टिस्टचे.

आलोशियस: मंग? भातकापनीला गावी जाताना आपला एकच फोन, तो घरी चार्जरला लटकवून कोन जातं? आधी हा केळ्यांचा लोंगर धर. तीन मजले चढून खांदा गेला माझा.

फ्लॉसी: ठेवा तो खाली आणि ऐका. बुधवारचा मेसेज आहे. ‘फ्लॉसीबाई, मेरीमाउलीला घेऊन आलो. तुमच्या दाराला कुलूप. लिफ्ट बंद. माझ्या गुडघ्यांनी जीव घेतला. मूर्ती घेऊन परत खाली उतरणं जमायचं नाही. समोरच्या बाईंकडे दिली आहे.’

आलोशियस: समोरच्या बाई म्हनजे हेमांगी?

फ्लॉसी: मग समोर दुसरं कोण राहतं? बुधवारी संध्याकाळी दिली, आज शनिवार. तीन रात्री झाल्या, अहो!

आलोशियस: पन माउली आपल्याकडं यायची पाळी शनिवारी आहे ना? म्हनून तर मी बोललो, शनिवारी संध्याकाळच्या आत घरी पोचू.

फ्लॉसी: शनिवार गेल्या वर्षी होता. या वर्षी बुधवार. यादी टाइप कोणी केली? तुम्ही. झेरॉक्स घरोघरी कोणी वाटल्या? तुम्ही. ‘ऑक्टोबरभर रोज एका घरी जपमाळ झाली की माउलीला त्याच संध्याकाळी पुढच्या घरी पोचवावे, कोणीही हयगय करू नये,’ हे वरती ठळक अक्षरात कोणी लिहिलं?

आलोशियस: ठळक केलं ते बरोबरच केलं. लोक वाचत नाहीत.

फ्लॉसी: खरंय. लिहिणारेसुद्धा वाचत नाहीत.

आलोशियस: बरं, चूक झाली. आता काय वधस्तंभावर चढवतेस? पुढचं घर कोनाचं?

फ्लॉसी: मनवेलपाड्याच्या क्लेटनचं. गुरुवारपासून बिचारा वाट बघतोय. ‘आंटी, माउली कधी येणार? बायकोनं माउलीला बसवायच्या आल्ताराला नवीन पडदा शिवलाय. आंटी, आज तरी येणार का?’ नवीन जोडपं, पहिलंच वर्ष त्यांचं. काय वाटलं असेल त्यांना!

आलोशियस: फोन लाव त्याला. तासाभरात येतो म्हनावं.

फ्लॉसी: थांबा, हेमांगीनं फोटो पाठवलाय. अरे देवा!

आलोशियस: काय? फुटली?

फ्लॉसी: फुटली नाही हो. पाटावर बसवलीय. खाली रांगोळी काढलीय, गळ्यात झेंडूचा हार घातलाय, आणि शेजारी घट. नवरात्र नाही का चालू!

आलोशियस: दे इकडं, चष्मा कुठंय? हां. कपाळाला काय लावलंय ते?

फ्लॉसी: कुंकू.

आलोशियस: कुंकू!

फ्लॉसी: हळदपण आहे. बारीक बघा, दिसेल.

आलोशियस: नको, बारीक नाही बघत. फ्लॉसी, हे फादर प्लासिडनी पाहिलं ना, तर आपल्या चर्चच्या या समूहातलं माझं काम संपलं. तीस वर्षं मी चर्चच्या देवळात मिस्साच्या उपासनेची तयारी केली. एक मेनबत्ती वाकडी लागली नाही माझ्या हातून.

फ्लॉसी: फादरचं राहू द्या. हे बघा. हाच फोटो तिनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय. ‘आमच्याकडे मदर मेरी आल्या आहेत. सर्वांनी दर्शनाला यावे. वेळ सायंकाळी सहा ते नऊ.’

आलोशियस: ग्रुपवर? सगळ्या चोवीस घरांच्या?

फ्लॉसी: हो. सत्तावीस जणांनी हात जोडलेत. आणि सेक्रेटरी संग्रामनं खाली एक प्रश्नचिन्ह टाकलंय.

आलोशियस: नुसतं प्रश्नचिन्ह?

फ्लॉसी: नुसतं. पुढे-मागे एक अक्षर नाही. दहा वर्षं झाली चंदनसारला राहायला येऊन. या बिल्डिंगमध्ये आपलं एकटं घर ख्रिस्ती. कुणाला बोट दाखवायला जागा दिली नाही आपण. नाताळला करंज्या दिल्या, गणपतीत आरतीला उभे राहिलो, मोठ्यानं कधी गाणंसुद्धा लावलं नाही. सगळ्यांशी गोड आहे म्हणून जीवाला बरं वाटायचं. आणि आता कोणी म्हटलं, ही बाई मूर्ती लोकांच्या घरात ठेवून धर्मांतर करते, तर? दिवस कसे आहेत बघताय ना?

आलोशियस: आपन काय केलं? बॅप्टिस्टच्या गुडघ्यांनी केलं.

फ्लॉसी: ते ग्रुपवर लिहू? ‘बॅप्टिस्टच्या गुडघ्यांनी केलं?’ आणि नेमका उद्या मिशन संडे, धर्मकार्याचा रविवार. नऊच्या मिस्साला समूहप्रमुख म्हणून मला माइकवर उभं राहायचंय.

आलोशियस: त्या फॉर्मचं काय झालं?

फ्लॉसी: कोरा आहे. फ्रिजवर चिकटवलाय. ‘आपल्या इमारतीतील किती इतरधर्मीय कुटुंबांशी आपण या वर्षी आपल्या श्रद्धेविषयी बोललात?’ काय लिहू मी?

आलोशियस: शून्य लिही. छोटंसं काढ.

फ्लॉसी: फादरांनी सहा महिने डोकं खाल्लं. ‘मिशनरी म्हणजे आफ्रिकेत जाणारा नाही, मिशनरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहणारा.’ सगळं चर्च वळून माझ्याकडे बघत होतं. कारण तिसऱ्या मजल्यावर मीच राहते.

आलोशियस: मंग हेमांगीच्या सासूला रोज इन्सुलिन देतेस ते लिही. तीन वर्षं झाली, एक दिवस चुकली नाहीस.

फ्लॉसी: ती सुई आहे. सुवार्ता नाही. नर्सचं कामच ते. आता गावी जाताना हेमांगीला शिकवून गेले म्हणून तीन दिवस जमलं.

आलोशियस: ऐक माझं. सरळ समोर जायचं. थँक्यू म्हनायचं. मूर्ती उचलायची, शालीत गुंडाळायची, खाली रिक्षा, मनवेलपाडा. बसायचं नाही, च्या प्यायचा नाही, कुठली गोष्ट काढायची नाही. सोमवारपर्यंत लोक विसरतात.

फ्लॉसी: हेमांगीनं वाईट वाटून घेतलं तर?

आलोशियस: ते नंतर करंज्यांनी भागवू. चल. आनि ओल्या रुमालाचा तुकडा घे बरोबर.

फ्लॉसी: कशाला?

आलोशियस: कुंकू पुसायला.

(समोरचं दार. बेल वाजवायच्या आधीच ते उघडतं.)

हेमांगी: आंटी! आलात एकदाच्या! मला जिन्यातच अंकलचा आवाज आला. किती फोन केले तुम्हाला, सिरीयसली. या, आत या. चपला असू दे.

फ्लॉसी: अगं, फोन घरीच राहिला. हेमांगी, तुझे उपकार कसे फेडू? तुला उगाच त्रास झाला.

हेमांगी: त्रास कसला? बुधवारी बेल वाजली, बघते तर एक काका दारात, घामाघूम, कडेवर मदर मेरी. म्हणाले, ‘समोर कुलूप आहे, हिला जरा ठेवून घ्या.’ आंटी, नवरात्रात संध्याकाळच्या वेळी दाराशी बाई आलीय, तिला मी नाही म्हणू? सासूबाई तर आतूनच ओरडल्या, ‘आधी पायावर पाणी घाल तिच्या!’

आलोशियस: पानी घातलं? मूर्तीवर? ती प्लास्टरची आहे!

हेमांगी: थोडंसंच अंकल. लगेच पुसलं मी. रंग नाही गेला, बघा ना तुम्ही. उलट बुधवारी निळा रंग होता, आम्ही सगळ्या निळ्या साड्या शोधत होतो, आणि मदर मेरींची आधीच निळी. सगळ्या म्हणाल्या, ही एकटीच तयार होऊन आलीय.

फ्लॉसी: सगळ्या म्हणजे किती जणी गं आल्या होत्या?

हेमांगी: पहिल्या दिवशी आठ-दहा. काल तर जागाच नव्हती. पुरुषही आले. दुसऱ्या मजल्याची हंसाबेन त्यांच्याकडची गूळपापडी, सुखडीचा डबा घेऊन आली.

आलोशियस: फ्लॉसी, रिक्षा.

फ्लॉसी: हो. हेमांगी, आम्हाला निघायला हवं. पुढच्या घरी उशीर झालाय. तेवढी मूर्ती...

हेमांगी: निघायचं कसं? बसा आधी. मी चहा टाकते.

आलोशियस: चहा नको.

हेमांगी: अंकल, तुम्ही चहाला नको म्हणालात? बरं नाही का वाटत? आणि हातात तो ओला रुमाल कशाला?

आलोशियस: तो... घाम.

हेमांगी: काय झालंय आंटी? तुमचा चेहरा असा का? काही चुकलं का माझं? हळदीकुंकू चालत नाही का तुमच्यात? मला खरंच माहीत नव्हतं. सॉरी. कोणाला विचारणार? तुम्ही फोन उचलत नव्हता.

फ्लॉसी: नाही गं, तुझं काही चुकलं नाही. चुकलं आमचंच. मला भीती वाटतेय, खरं सांगते. ग्रुपवर फोटो टाकलास ना तू. संग्रामनं प्रश्नचिन्ह टाकलं. कोणी काही बोललं का? म्हणजे... धर्मांतर वगैरे?

हेमांगी: बोलले की. शांतारामकाका. सोफ्यावर बसून म्हणाले, ‘हे असंच चालू होतं. आधी मूर्ती येते, मग माणसं येतात.’

आलोशियस: बघ! मी म्हनत नव्हतो?

हेमांगी: ऐका तर पुढे. सासूबाई म्हणाल्या, ‘शांताराम, सत्तर वर्षं मी एका देवीला धरून आहे. तीन रात्रींच्या पाहुणीनं सोडीन होय? तू सुखडी खा.’ मग त्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि घरी एक नेला.

फ्लॉसी: आणि संग्राम?

हेमांगी: त्याचं प्रश्नचिन्ह खरंच प्रश्नचिन्ह होतं. काल आला, हात जोडले, आणि मला विचारतो, ‘वहिनी, या कोण? यांची गोष्ट काय?’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीस माणसं, आंटी. आणि मला काहीच सांगता येईना.

फ्लॉसी: मग?

हेमांगी: मग काय. समोरासमोर दहा वर्षं राहतो आपण. तुमच्या घरी मीठ कुठल्या बरणीत आहे ते मला माहीत, अंकलला कुठल्या कुशीवर झोप लागते ते माहीत, तुमच्या मुलाचा दुबईचा पत्ता पाठ. आणि ह्या बाई कोण ते माहीत नाही. लाज वाटली मला.

आलोशियस: तुला कशाला लाज? तुझा धर्म थोडाच आहे!

हेमांगी: तसं नाही अंकल. शेजारणीच्या घरातलं मोठं माणूस कोण ते माहीत नको? शेवटी मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. तुमच्याकडे नाताळात ते गवताचं घर करता ना, त्यावरून. म्हटलं, ही बाळंतपणाला आलेली बाई, परक्या गावात. दिवस भरलेले. आणि कोणी हिला जागाच दिली नाही. शेवटी गोठ्यात बाळंत झाली. एवढंच येतं, म्हटलं मला. बरोबर आहे का?

फ्लॉसी: बरोबर आहे गं. अगदी बरोबर.

हेमांगी: आंटी, हंसाबेनच्या डोळ्यांत पाणी. आणि मग संग्राम म्हणाला, ‘चला, आपल्या सोसायटीत तरी तिला तीन रात्री जागा मिळाली.’

आलोशियस: संग्राम बोलला असं?

हेमांगी: हो. तोच, जो पार्किंगसाठी कोणाला इंचभर जागा देत नाही. अंकल, बसा ना आता. उभे काय राहिलात?

आलोशियस: बसतो. थोडं पानी दे पोरी.

हेमांगी: घ्या. पण आंटी, एक विचारू? राग नाही ना येणार? दहा वर्षं मनात आहे.

फ्लॉसी: विचार ना.

हेमांगी: आम्ही तुम्हाला चालत नाही का?

फ्लॉसी: काय बोलतेस!

हेमांगी: म्हणजे बघा, एरवी तुमचं दार दिवसभर उघडं. मी निम्मा स्वयंपाक तुमच्याकडे येऊन चाखते. पण ऑक्टोबर आला की सात वाजता दार बंद. कडीसकट. आतून बारीक आवाज येतो, सगळे मिळून काहीतरी म्हणता. पहिल्या वर्षी मी एकदा वाटी घेऊन आले होते, तर अंकलनी दार जरासं उघडलं, वाटी घेतली, परत लावून घेतलं. तेव्हापासून मी सातनंतर येत नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘असतं एकेकाचं सोवळं. आपण मनाला लावून घेऊ नये.’

फ्लॉसी: सोवळं? अहो, ऐकताय का? आपलं सोवळं!

आलोशियस: ऐकतोय.

फ्लॉसी: अगं बाई, आम्ही दार लावायचो ते तुमच्यासाठी! तुम्हाला त्रास नको, कोणाला वाटायला नको की ही लोकांना ऐकवत बसते. खिडक्यासुद्धा लावायचो. ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंखा एकवर ठेवून. हे म्हणायचे, हळू म्हण, भिंती पातळ आहेत.

हेमांगी: आणि आम्ही टीव्ही बंद करायचो. तुम्हाला त्रास नको म्हणून.

फ्लॉसी: दहा वर्षं?

हेमांगी: दहा वर्षं. सात ते साडेसात. सासूबाईंची सिरियल बुडायची.

आलोशियस: अरे अरे अरे.

फ्लॉसी: हसू नका, मला रडू येतंय.

हेमांगी: तुम्ही रडू नका आंटी, मग मी पण रडीन आणि मला स्वयंपाक करायचाय. एक सांगा मला. स्पष्ट. तुम्हाला आम्हाला ख्रिश्चन करायचंय का?

आलोशियस: नाय नाय नाय! कोनी सांगितलं?

हेमांगी: अंकल, मी आंटीला विचारतेय.

फ्लॉसी: थांबा, मला सांगू द्या. नाही गं. तुझा देव बदलायला मी कोण? तसं मनात आणलं असतं तर तुझ्या सासूनं मला कधीच सुईसकट खाली पाठवलं असतं. पण सांगावंसं वाटायचं. खोटं कशाला बोलू? मला नातू झाला तेव्हा मी पेढे घेऊन चोवीस घरं चढले-उतरले, आठवतंय? ओळख नसलेल्यांनासुद्धा दिले. मग ज्याच्या जोरावर मी चाळीस वर्षं नाइट ड्यूट्या काढल्या, मुलगा आजारी असताना ज्याला धरून बसले, त्याचं नाव तेवढं कधी काढलं नाही. तुझ्याजवळही नाही. तू विचारशील, मी सांगीन, मग तुला वाटेल काही मतलब आहे. या भीतीनं आतल्या आत ठेवलं. फादर म्हणतात आपण सगळे मिशनरी आहोत. मी कसली मिशनरी! मी कडी लावून देवाशी बोलणारी बाई.

हेमांगी: मतलब असता तर मला दहा वर्षांत कळला नसता का? मी काय कुक्कुलं बाळ आहे? आम्ही गणपती आणला की तुम्हाला उकडीचे मोदक देतो, दूर्वा कशाला वाहतात ते सांगतो. तुम्ही म्हणालात का कधी, ही मला हिंदू करायला बघते?

फ्लॉसी: नाही म्हटलं.

हेमांगी: मग? एकतर्फी का सगळं? मला नाही आवडत एकतर्फी.

आलोशियस: फ्लॉसी, फोन दे तुझा, मी जरा गॅलरीत जाऊन फादरना लावतो.

फ्लॉसी: आत्ता? कशाला? उगाच घोळ घालाल.

आलोशियस: घोळ मी घातला, निस्तरतो पन मीच. उद्या दुसऱ्या कोनाकडून कळन्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

हेमांगी: अंकल घाबरलेत का हो?

फ्लॉसी: देवळाच्या बाबतीत ते नेहमीच घाबरलेले असतात. मेणबत्ती जराशी कलली तरी ह्यांना झोप नाही. हेमांगी, ही ओटी तू भरलीस?

हेमांगी: सासूबाईंनी. खण, नारळ, तांदूळ. लेकुरवाळी आहे म्हणाल्या, रिकामी कशी पाठवायची? तुम्हाला चालत नसेल तर काढून ठेवते. खरंच सांगा.

फ्लॉसी: नाही, असू दे. तिला एवढ्या मायेनं कोणी बसवलं नसेल. आमच्याकडे असती तर पांढऱ्या टेबलक्लॉथवर, दोन प्लास्टिकच्या गुलाबांमध्ये बसली असती.

हेमांगी: आणि दार लावलेलं.

फ्लॉसी: हो. आणि दार लावलेलं. बोल, आता तुझे दिवस आहेत बोलायचे.

हेमांगी: अंकल आले. काय झालं? ओरडले का फादर?

आलोशियस: हसले.

फ्लॉसी: हसले?

आलोशियस: मी सगळं सांगितलं. यादी, कुलूप, हार, हळद, कुंकू, पायावर पानी. काही लपवलं नाही. मंग हसायला लागले. म्हनाले, ‘आलोशियस, सहा महिने मी फॉर्म छापून जे करू शकलो नाही, ते बॅप्टिस्टच्या गुडघ्यांनी एका संध्याकाळी केलं.’

हेमांगी: मला आवडले तुमचे फादर.

फ्लॉसी: आणि माझ्या कोऱ्या फॉर्मचं?

आलोशियस: ते पन विचारलं. म्हनाले, ‘फ्लॉसीला सांगा, फॉर्म राहू दे. उद्या माइकवर फक्त खरं सांग, दार का लावत होतो ते. अर्धं चर्च दार लावून बसतं.’

फ्लॉसी: माइकवर! सगळ्यांसमोर!

आलोशियस: मी पन उभा राहीन बरोबर. कडी मीच लावायचो ना.

हेमांगी: वा अंकल!

आलोशियस: आनि हेमांगी, ती वाटी. त्या दिवशी मी वाटी घेऊन दार लावलं. माझ्या ध्यानीमनी नव्हतं गं. आत जपमाळ अर्ध्यावर आली होती, मी मोजनी विसरलो होतो, म्हनून घाईत... तुला लागलं असेल. चुकलं माझं.

हेमांगी: अंकल, नका हो असं. वाटी परत आली होती, त्यात खीर होती. मी तेव्हाच अर्धी माफी दिली होती.

आलोशियस: बाकीची अर्धी आज दे.

हेमांगी: दिली. चहा पिणार आता?

आलोशियस: साखर जास्त. फ्लॉसी बघतेय, पन टाक.

फ्लॉसी: टाक बाई, आजचा दिवस. पण क्लेटन, अहो! तो पडदा लावून बसलाय.

आलोशियस: त्याला गॅलरीतूनच फोन केला. म्हटलं, येतो, उशीर होईल, कारन मोठं आहे, आल्यावर सांगतो. आनि हा रुमाल कुठं ठेवू?

फ्लॉसी: कुंकू नाही पुसायचं?

आलोशियस: मनवेलपाड्यापर्यंत असू दे तसंच. क्लेटनची बायको विचारेल, हे काय? मंग सांगता येईल.

हेमांगी: थांबा, अशी नाही पाठवणार मी तिला. आंटी, एक मागणं आहे. ते तुम्ही सातला म्हणता ना, ते आज इथे म्हणा. माझ्या घरात. दार उघडं ठेवून. आज तुम्ही परतणार म्हणून खाली हंसाबेनला मी सांगून ठेवलंय, संग्रामपण येतो म्हणाला. त्याला अजून उत्तर मिळालेलं नाही.

फ्लॉसी: अगं पण त्यांना ती प्रार्थना कुठे येते? पन्नास वेळा तेच तेच म्हणायचं असतं. कंटाळतील.

हेमांगी: नऊ दिवस आम्ही तेच तेच करतो, कोणी कंटाळतं का? आणि प्रार्थनेच्या आधी गोष्ट सांगा. पूर्ण. मला गोठ्याच्या आधीचं माहीत नाही आणि नंतरचंही माहीत नाही. मधलं एवढंच.

फ्लॉसी: मी सांगू? मला बोलता येत नाही गं लोकांसमोर. हे सांगतील. तीस वर्षं देवळात होते.

आलोशियस: मी मेनबत्त्या लावत होतो. तू सांग. पेशंटला झोप येत नसली की तू सांगायचीस ना गोष्टी, तशी.

फ्लॉसी: पेशंट एकटा असायचा, इथे निम्मी बिल्डिंग येणार.

हेमांगी: माझ्याकडे बघून सांगा. फक्त मला सांगताय असं समजा. बाकीचे बसतील तिकडे.

आलोशियस: आले वाटतं. जिन्यात पावलं वाजतायत. हा संग्रामच, चपला घासत चालतो.

हेमांगी: दार उघडंच आहे, येऊ दे. सासूबाई, खुर्ची पुढे घ्या, आंटी गोष्ट सांगतायत! हंसाबेन, तुम्ही इथे बसा. हं आंटी.

फ्लॉसी: काय सांगू... हं. नाझरेथ नावाचं एक गाव होतं. लहानसं. तिथे एक मुलगी राहायची, अगदी साधी, आपल्यासारख्या घरातली. एक दिवस ती घरात एकटीच होती, आणि तिच्या दाराशी कोणीतरी आलं...

हेमांगी: आंटी, एक मिनिट. सासूबाईंना ऐकू कमी येतं. जरा मोठ्यानं सांगा.